स्वहस्ते सेवा

आषाढी एकादशीला आमच्या गल्लीतल्या बायका चातुर्मासाचा नेम धरतात. कुणी लाख वाती वळते, कुणी चार महिने वांगं सोडते. समोरच्या हर्षालीनं यंदा रात्री आठनंतर मोबाईल बघायचा नाही असा नेम धरला होता, तो श्रावण लागायच्या आत मोडला. मी देवापुढं बसून हातावर पाणी घेतलं आणि म्हणाले, "कार्तिकी एकादशीपर्यंत रोज एक तास गाडीची सेवा करीन. स्वहस्ते."

गुरुजी पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. गुरुजी म्हणजे आमचे हे, बब्रुवान गुरुजी. बत्तीस वर्षं उमरग्याच्या आसपासच्या शाळांत शिकवलं, त्यामुळं सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो आणि गावासोबत मीही.

"गाडीची सेवा?" ते म्हणाले. "कर की. हळदकुंकू वाहा, चार प्रदक्षिणा घाल. कुणी नको म्हनलंय?"

त्यांना सेवेचा तेवढाच अर्थ सुचला. मी दुरुस्त केला नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे असं मला वाटतं. तरी मनाची खात्री होईना म्हणून त्या महिन्यात एक प्रदोष जास्तीचा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॅक शोधायला शेडात गेले.

आमची गाडी पांढरी, पेट्रोलची, वय अकरा. घरामागच्या पत्र्याच्या शेडात ती दोन वर्षांपासून उभी होती. एका संध्याकाळी गुरुजी एका लग्नाहून एकटेच परत आले, गाडी शेडात लावली, वर ताडपत्री टाकली आणि जेवताना म्हणाले, "इंजिन बसलं." त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. टपावर कांद्याची पोती आली. उन्हाळ्यात शेडाच्या तोंडाशी ऊन येतं, तेव्हा बॉनेटवर कुरडया वाळायला लागल्या. पूजा मात्र मी एकाही दसऱ्याला चुकवली नाही. फुलं, हळदकुंकू, अक्षता, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं वेळच्या वेळी. ऑईल शेवटचं कधी बदललं ते कुणालाच आठवत नव्हतं.

मला गाडी हवी होती ती अक्कासाठी. कमलबाई, माझी थोरली बहीण, माकणीला असते. तिचे गुडघे गेले, आता ती खाटेवरून उठत नाही. एसटीनं जायचं तर लोहाऱ्याला बदलायचं, पोचेपर्यंत दुपार होते आणि परतीची गाडी धरायची तर हातात एक तास राहतो. मी जाऊन टेकले की अक्का भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागते. "आलीस का? बरं केलंस. आता ऊठ, गाडी चुकंल." एवढंच आमचं बोलणं होतं.

मला लायसन आहे. आमची लेक शिवांजली कॉलेजात असताना गाडी शिकायला जायची, तेव्हा सोबत म्हणून गुरुजी मला मागच्या सीटवर बसवून पाठवायचे. शिकवणाऱ्यानं एक दिवस म्हटलं, "मावशी, तुम्ही या पुढं." परीक्षेत शिवांजली पहिल्यांदा नापास झाली आणि मी पास झाले. लायसन देवघरातल्या डब्यात ठेवलेलं आहे. गुरुजी त्याला ओळखपत्र म्हणतात.

यंदा ज्येष्ठात गुरुजींनी महालिंगप्पाला शब्द देऊन टाकला. महालिंगप्पा सीमेपलीकडचा, बोलताना आदराचं कानडी 'री' लावणारा, मेलेल्या गाड्या नेऊन तोडतो, पत्रा आणि पार्ट वेगळे विकतो. "दिवाळीच्या पाडव्याला येऊन घेऊन जा," असं त्याला सांगितलं होतं. म्हणजे तोवर गाडी चालू झाली नाही तर ती जाणार आणि अक्काजवळ मला एकच तास राहणार. भांडायचा माझा स्वभाव नाही. मी नेम धरला. नेम चालू असताना त्यातली वस्तू घराबाहेर जात नाही, हे गुरुजींनाही मान्य आहे. कार्तिकी पाडव्यानंतर दहा दिवसांनी येते. ते दहा दिवस मी आधीच धरून ठेवले होते.

अडचण एवढीच होती की देवाची सेवा आंघोळ करून करायची असते आणि गाडीची आंघोळीआधी केलेली बरी. मठातल्या शांतलिंग स्वामींना विचारलं. स्वामींनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला.

"आंघोळ आधी बी करा आन् नंतर बी करा," ते म्हणाले.

चार महिने मी रोज दोनदा आंघोळ केली.

मला शिकवायला आयुबभाई आले. हायवेला त्यांचं तीस वर्षं गॅरेज होतं, आता पोरं बघतात. त्यांच्या बायकोकडं, नसीमबींकडं, मी निरोप दिला होता. रविवारी सकाळी आले, ताडपत्री उचलून बघितली, आणि बाह्या वर करून म्हणाले, "हटा वहिनी. पाना द्या."

"नाही भाई. स्वहस्ते म्हटलंय देवापुढं."

"म्हंजे?"

"तुम्ही हात लावला तर नेम मोडतो."

आयुबभाईंनी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पाच वेळच्या नमाजाचा माणूस, नियम म्हटल्यावर पुढं वाद घातला नाही. "मंग खुर्ची द्या," म्हणाले. खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले. नाहीतर राहवणार नाही, म्हणाले.

पहिल्यांदा चाकं. चारही टायर जमिनीला बसले होते. "जॅक लावायच्या आधी नट ढिल्ले करा, नाहीतर चाक नुस्तं गरागरा फिरतंय." मी जोर लावला. नट हलेना.

"पान्यावर उभं ऱ्हावा, वहिनी."

मी चप्पल काढून पान्यावर उभी राहिले. माझं वजन अठ्ठेचाळीस. उपासांमुळं त्यात भर पडायचा संभव नाही.

"जरा उड्या मारा."

मी देवीचं नाव घेत उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला नट सुटला आणि मी जमिनीवर आले. तेवढ्यात गुरुजी चहाचा कप घेऊन दारात.

"तू हे काय करायलीस?"

"सेवा."

गुरुजींनी आयुबभाईंकडं पाहिलं. "आन् तू काय करायलास?"

"मी? मी तर बसलोय, गुरुजी. कसम से, बोट लावलं न्हाय."

गुरुजींनी हातातला चहा त्यांना दिला आणि आत गेले. वांगं सोडलेल्या बाईला घरात कुणी वांगं खा म्हणत नाही. तसंच हे.

चाकं एकेक करून रिक्षात घालून पंक्चरच्या दुकानात नेली. तिथं दुसऱ्याचा हात लागला. पण चाक तेव्हा गाडीला नव्हतं, म्हणून चालतं, असं स्वामींनी सांगितलं.

श्रावणात टाकीची वेळ आली. पेट्रोल दोन वर्षांचं, शिळं. आयुबभाई फोनवर म्हणाले, "नळी घाला आन् तोंडानं वढा, वहिनी. आलं की डब्यात सोडा."

त्या दिवशी सोमवार होता. मी विचारलं, "भाई, उपासाला पेट्रोल चालतं का?"

"रोज्याला तर चालत न्हाय," ते म्हणाले.

मग ते काम मंगळवारवर ढकललं. मंगळवारी माझा येडेश्वरीचा उपास असतो, म्हणून बुधवारवर. बुधवारी सकाळी मला माळ्यावरचा रॉकेलचा हातपंप आठवला.

भाद्रपदातल्या संकष्टीला पुढच्या काचेखालची जाळी काढली. आत तांदूळ होते. चारदोन दाणे नव्हेत, चांगले वाटीभर. कुंकू लावलेले, अकरा दसऱ्यांचे, उंदरांना पुरून उरलेले. बाजूला वस्त्रमाळेच्या कापसाचं घरटं, घरट्यात उंदराची चार पिल्लं आणि त्यांच्या उशाशी कुरतडलेल्या तीन वायरी.

आयुबभाई खुर्चीतून उठून वाकले. "वहिनी, हितं दाना कोन टाकत होतं?"

"मीच."

"किती साल?"

"अकरा."

"मंग त्यांची काय चूक?" म्हणाले आणि परत हातांवर बसले.

मी पिल्लं घरट्यासकट सुपात घेतली आणि मागच्या भिंतीला रचलेल्या कडब्याच्या आडोशाला ठेवली. संकष्टीला दुसरं काय करणार? वायरी सोलून जोडल्या, टेप गुंडाळला. त्या दसऱ्याला गाडीला नुसती फुलं वाहिली.

ऑईल आश्विनात काढलं. खाली जुनी परात ठेवून चेंबरचा नट सोडला, तर काकवीसारखं संथ पडायला लागलं.

"बोटावर घ्या. चोळून बघा. लोखंडाचा चुरा लागतोय का?"

मी चोळलं. "नाही."

"नीट बघा."

"नाही भाई. मऊ आहे."

त्यांनी मला समोरच्या मोठ्या पुलीच्या नटाला पाना लावून फिरवायला सांगितलं. पुली फिरली. जड फिरली, पण जात्यासारखी एका लयीत फिरली.

"बसल्यालं इंजिन असं फिरत न्हाय," आयुबभाई म्हणाले. "गुरुजींना कुनी सांगितलं बसलं म्हनून?" मग त्यांनी घराच्या खिडकीकडं पाहिलं, आवाज बारीक केला आणि चहा मागितला.

चहा झाला. आयुबभाई गेले. मला त्या दिवशी तास पुरा करायला वीस मिनिटं उरली होती, म्हणून मी पुढचा बंपर पुसायला घेतला. डाव्या कोपऱ्यात खालच्या अंगाला पत्रा आत गेला होता, आणि चेपल्या जागी पिवळा आणि काळा रंग घासून बसला होता. पुलांच्या कठड्यांना असतात तसले पट्टे. गाडी पांढरी, तिला पिवळा रंग घरी लागलेला नव्हता.

मी तिथंच खाली बसले. गुरुजी अलीकडं पेपर उजव्या अंगाला धरतात. चहा ओतताना कपाच्या डाव्या बाजूला सांडतात आणि कपाला नावं ठेवतात. डावीकडून कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवतात. हे मी रोज बघत होते. फडकं घेऊन सांडलेला चहा पुसतही होते.

रॉकेलचा बोळा घेऊन मी तो पिवळा रंग काढला. काळा निघायला दुसरा दिवस लागला. ते दोन्ही दिवस मी नेमात धरले.

पाडव्याला महालिंगप्पा टेम्पो घेऊन आला. मी गुरुजींना ओवाळून ताट आत ठेवत होते. गुरुजींनीच त्याला सांगितलं, "नेम चालू हाय हिचा. कार्तिकीपर्यंत हलवता येत न्हाय."

"गाडीचा नेम री?"

"गाडीचाच."

महालिंगप्पानं मान हलवली. "आयतु, ठीक हाय. द्वादशीला येतो मग. आमच्या घरी बी असले लई असत्यात." फराळ केला, कागदात चिवडा बांधून घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

बॅटरी शेवटी घालायची हे आयुबभाईंनी पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं. कार्तिकी एकादशीला, नेमाच्या शेवटच्या दिवशी, मी नवी बॅटरी बसवली. आयुबभाई त्या दिवशी सोलापूरला लग्नाला गेले होते. प्लस, मायनस, क्लिपा, सगळं त्यांनी फोनवर दोनदा म्हणवून घेतलं. घरात नवी वस्तू आली म्हणून तिची पूजा केली, मग क्लिपा आवळल्या, हात जोडले आणि किल्ली फिरवली.

टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

गुरुजी दारात उभे होते. "बसलंय म्हनलं न्हवं का तुला?" म्हणाले. चिडून नाही. सुटल्यासारखे म्हणाले, आणि त्या टक्‌पेक्षा मला ते जास्त लागलं. मी बॉनेट लावलं, दुसरी आंघोळ केली आणि पोथीला बसले. पोथीत लक्ष लागलं नाही, हेही खरं.

द्वादशीला पारणं सोडून होतंय तोवर आयुबभाई हजर. "नेम संपला का, वहिनी?"

"संपला."

"आता हात लावू?"

"लावा."

चार महिन्यांचे थांबलेले हात. त्यांनी बाह्या सारल्या, बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिले.

"प्लसला हळद कुनी लावली?"

"मीच. आणि मायनसला कुंकू. नवी वस्तू होती."

"ओलं?"

"ओलंच लावतात, भाई."

"आन् त्याच्यावर क्लिप आवळली?"

"हो."

आयुबभाईंनी खिशातून रुमाल काढला. हात बॅटरीपर्यंत नेला आणि मागं घेतला. "नक्को. तुमीच पुसा. चार म्हैने तुमी केलं, आता हळदीकुंकवापुरतं माझं नाव कशाला त्यात." रुमाल मात्र त्यांनी माझ्या हातात दिला.

मी पुसत होते तेव्हा फाटकात महालिंगप्पाचा टेम्पो लागला. तो आणि त्याची दोन माणसं दोर घेऊन उतरली. गुरुजी पुढं झाले. "हितनं वढा. मागनं नको, भिंत हाय."

मी क्लिपा आवळल्या, गाडीत बसले आणि देवीला म्हणाले, अक्काला एक तास पुरत नाही. किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा लागलं.

दोर बांधायला वाकलेला महालिंगप्पा सरळ झाला. "गुरुजी, इंजिन जाम हाय म्हनलात की री."

"होतं."

"हे जाम न्हाय. असलं जाम असंल तर माझ्या टेम्पोला द्या."

"असू दे. तू घेऊन जा."

"चालू गाडी मी तोडत न्हाय री. माझं काम मेलेल्या गाडीचं. जिती तोडली तर पाप लागतंय."

"अरं पन चालवायला कोन हाय हितं?"

"तुमी हाव की."

प्लग नवे, ऑईल नवं, इंजिनाचा आवाज इतका कमी झाला होता की काच खाली असल्यामुळं मला गुरुजींनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

"डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय मला," ते महालिंगप्पाला म्हणाले. "लग्नाहून येताना पुलाचा कठडा दिसला न्हाय. घासली. बाजूनं एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती. ती बी दिसली न्हवती. वाचली ती. त्या दिवसापास्नं म्या हात लावला न्हाय गाडीला." मग थांबून म्हणाले, "कुनाला सांगू नको."

महालिंगप्पानं आयुबभाईंकडं पाहिलं, आपल्या दोन माणसांकडं पाहिलं, काचेतून माझ्याकडं पाहिलं. "न्हाय सांगत," म्हणाला.

आयुबभाई बॉनेटच्या कडेची धूळ पुसत होते. तिथं धूळ नव्हती.

"मोतीबिंदू असंल री," महालिंगप्पा म्हणाला. "माझे दोन्ही काढले. अर्ध्या तासाचं काम."

"डोळ्यात सुई घालतात म्हनं."

"घालतात. कळत न्हाय."

"तुला कळली न्हाय का?"

"मी झोपलो होतो री. घोरायलो म्हनून डॉक्टर वरडला."

मी खाली उतरले नाही. इंजिन बंद केलं असतं आणि पुन्हा लागलं नसतं तर काय, ही एक भीती. आणि उतरून बोलायचं तरी काय, हेही होतं. ती भारेवाली बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी आडवी होऊन आतून डावं दार उघडलं.

"बसा," मी म्हणाले. "अक्काकडं जायचंय."

"मी? तिकडं?"

अकरा वर्षांत गुरुजी त्या गाडीत डावीकडं कधी बसले नव्हते. बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घालून आले, दाराची कड गुडघ्याला लागली, दाराला काहीतरी म्हणाले आणि बसले. पट्टा उजव्या खांद्यामागं शोधत राहिले. मी हात लांबवून डावीकडचा पट्टा ओढून दिला.

"उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ," मी म्हणाले.

"गाडी बिघडली न्हाय तर," गुरुजी म्हणाले.

महालिंगप्पानं टेम्पो मागं घेऊन वाट करून दिली. आयुबभाई खिडकीशी आले, वाकून माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "पैला गेर. क्लच हळू सोडा, वहिनी. आजून हळू. बस्स."

गाडी गल्लीतून निघाली. समोरची हर्षाली मोबाईल घेऊन दारात उभी होती, तिनं फोटो काढला. गल्लीच्या तोंडाला लोहाऱ्याकडचा रस्ता लागतो. मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला. उजवीकडं बघितलं, मोकळं होतं.

"चल," गुरुजी मान न वळवता, वर्गात म्हणायचे तशा आवाजात म्हणाले. "डावीकडनं कुणी न्हाय."

डावीकडनं उसाचा ट्रॅक्टर येत होता. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही वरपर्यंत भरलेल्या, ट्रॅक्टरवर माणसाएवढा स्पीकर. मी पाय ब्रेकवरून काढला नाही.

"हे गाणं कुठं लागलंय?" गुरुजींनी विचारलं.

"जवळच," मी म्हणाले. ट्रॅक्टर आमच्या नाकासमोरून गेला, मग पहिली ट्रॉली, मग दुसरी. मग मी पहिला गियर टाकला.